फाँश: नावातली एक नागमोडी रेघ आणि अडीच वर्षं चाललेली कोर्टकेस

११ मे २०१७ ला फ्रान्सच्या ब्रिटनी भागात, कँपेर शहरात एका मुलाचा जन्म झाला आणि आईबाबांनी त्याचं नाव ठेवलं फाँश. नाव ब्रेतॉन भाषेतलं, म्हणजे फ्रेंचमधल्या फ्रांस्वाचं तिकडचं घरगुती रूप, आपल्याकडे पांडुरंगाचा पांडू होतो तसं, फक्त फरक एवढा की तिकडे हे नाव घरापुरतं राहत नाही, लेखक पत्रकार शेतकरी सगळे आयुष्यभर फाँश म्हणूनच ओळखले जातात. ब्रिटनीच्या पश्चिम टोकाला जे राहतात त्यांच्यात हे नाव अजिबात विचित्र वाटत नाही, पॅरिसच्या माणसाला मात्र वाटू शकतं. आता हे नाव ब्रेतॉनमध्ये लिहिताना त्यातल्या एन अक्षरावर एक छोटी नागमोडी रेघ येते, जिला टिल्ड म्हणतात, स्पॅनिशमध्ये असते तीच. या रेघेवरून फ्रान्स सरकार एका तान्ह्या बाळाच्या आईबाबांविरुद्ध कोर्टात गेलं, एकदा जिंकलं, मग हरलं, मग देशाच्या सर्वोच्च अपील कोर्टापर्यंत गेलं. ही केस मला फार महत्त्वाची वाटते कारण घराण्याचा, आपल्या मातीचा वारसा म्हणून बाळाला नाव द्यायचं ठरवलं की नेमकं काय काय आडवं येतं ते यात एका ठिकाणी सगळं दिसतं.

आधी ती रेघ कशासाठी असते ते सांगते, कारण बरेच जण म्हणतात की एवढ्याशा रेघेसाठी कशाला भांडायचं. ब्रेतॉनमध्ये ती रेघ सांगते की इथे न चा उच्चार करायचा नाही, तर आधीचा आ नाकातून काढायचा. रेघ असेल तर फाँश. रेघ काढली की ब्रेतॉन वाचणाऱ्यासाठी ते होतं फान्श, न स्पष्ट. म्हणजे नावच बदललं. देवनागरीत आपल्याला चंद्रबिंदू देता येतो म्हणून आपण हे सहज लिहू शकतो, पण फ्रान्सच्या जन्मनोंदणी वहीत त्या मुलाच्या आईबाबांकडे ती एकच खूण होती.

कँपेरच्या नगरपालिकेत काय झालं तर नोंदणी करणाऱ्यांनी आधी ही खूण चालत नाही असं सांगितलं, आणि काही दिवसांनी तीच नोंद रेघेसकट करून दिली. इथपर्यंत सगळं मिटल्यासारखं होतं. पण फ्रान्समध्ये जन्म-मृत्यूच्या नोंदींवर सरकारी वकिलांच्या कार्यालयाची देखरेख असते, त्यांना ही नोंद खटकली आणि त्यांनी कोर्टात अर्ज केला की हे स्पेलिंग दुरुस्त करा.

त्यांच्या हातात काय होतं? न्याय मंत्रालयाचं २३ जुलै २०१४ चं एक परिपत्रक. त्यात जन्मदाखल्यावर कुठली खुणांची अक्षरं चालतील याची यादी आहे: ए वर एक तिरकी रेघ, टोपी, दोन टिंबं, ई वर दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा, टोपी, दोन टिंबं, सी खालची शेपटी, असं करत करत १६ अक्षरं आणि शिवाय दोन जोडाक्षरं. एन वर टिल्ड त्यात नाही. गंमत म्हणजे वाय वर दोन टिंबं असलेलं अक्षर त्या यादीत आहे, जे फ्रेंचमध्ये इतकं दुर्मिळ आहे की पॅरिसच्या दक्षिणेच्या लाय-ले-रोझ सारख्या मोजक्या गावांच्या नावात दिसतं. म्हणजे मोजक्या नावांपुरतं असलेलं अक्षर चालतं, आणि ब्रिटनीत आणि स्पेनच्या सीमेजवळच्या बास्क भागात रोज लिहिलं जाणारं अक्षर चालत नाही. मला तर यातच अर्धी केस दिसते.

परिपत्रकाच्या मागे जुने कायदे आहेत. १५३९ मध्ये राजा पहिला फ्रांस्वा याने विलेर-कोतरेचा हुकूम काढला, ज्याने कोर्टकचेरीतलं लॅटिन जाऊन फ्रेंच आली. मग क्रांतीच्या काळात, २० जुलै १७९४ ला, सरकारी दस्तऐवज फ्रेंचमध्येच हवेत असा कायदा झाला. आणि १९९२ मध्ये संविधानाच्या दुसऱ्या कलमात वाक्य घातलं गेलं की प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे. इथे मला थांबून सांगावंसं वाटतं की ज्या राजाच्या हुकुमाचा आधार आजही घेतात त्याचं नाव फ्रांस्वा, म्हणजे ब्रेतॉनमध्ये फाँश, आणि त्याच्याच कारकिर्दीत १५३२ मध्ये ब्रिटनी कायमची फ्रान्सला जोडली गेली. शिवाय सोळाव्या शतकातल्या फ्रेंच पुस्तकांत स्वरावर आडवी किंवा नागमोडी रेघ देऊन पुढचा न किंवा म वाचायचा ही पद्धत सर्रास होती, म्हणजे ही खूण फ्रेंचला अगदीच परकी आहे असं कुणी म्हटलं तर त्याने जुने ग्रंथ उघडून बघावेत.

१३ सप्टेंबर २०१७ ला कँपेरच्या कोर्टाने निकाल दिला, रेघेच्या विरुद्ध. बाळ तेव्हा चार महिन्यांचं. कोर्टाचं म्हणणं साधारण असं होतं की ही खूण मान्य केली तर देशाची एकता राखायची आणि कुठल्याही मूळाचा भेद न करता सगळ्यांना समान ठेवायची आपल्या राज्याची इच्छा मोडेल. एका एन वरच्या रेघेने देशाची एकता मोडेल हे वाचून ब्रिटनीत लोक पेटले, आणि का पेटले ते कळायला थोडा मागचा इतिहास बघावा लागतो, कारण त्यांच्यासाठी हा पहिला घाव नव्हता.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात ब्रिटनीच्या शाळांमध्ये ब्रेतॉन बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात एखादी वस्तू अडकवायचे, लाकडी बूट, लाकडाचा तुकडा असं काहीतरी, आणि ते पोर दुसऱ्या कुणाला ब्रेतॉन बोलताना पकडून देईपर्यंत ती वस्तू त्याच्याकडेच राहायची. म्हणजे मुलांनाच मुलांवर नजर ठेवायला लावलं. आज जे ब्रेतॉन आजी-आजोबा आहेत त्यांच्या आईवडिलांनी हे भोगलेलं आहे, आणि म्हणूनच त्यातल्या कितीतरी जणांनी पोरांशी घरात ब्रेतॉन बोलायचं बंद केलं, पोरांचं भलं व्हावं म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दहा लाखांहून जास्त लोक बोलायचे ती भाषा, २०२४ च्या पाहणीत बोलणारे सुमारे १ लाख ७ हजार उरलेत आणि युनेस्कोने तिला गंभीर धोक्यातल्या भाषांमध्ये टाकलंय. १९७७ पासून दिवान नावाच्या शाळा सगळे विषय ब्रेतॉनमध्ये शिकवतायत म्हणून नवी पिढी थोडीतरी आहे. तर अशा घरात जेव्हा तिशीतले आईबाप बाळाला फाँश म्हणतात तेव्हा ते फॅशन करत नसतात, मधल्या पिढीत तुटलेला धागा परत जोडत असतात. स्वतःला भाषा धड येत नसेल, पण पोराच्या नावात तरी ती नीट लिहिलेली असावी, ही ओढ मला पूर्ण पटते.

नावांवरूनही तिथे आधी भांडणं झालेली आहेत. १ एप्रिल १८०३ च्या कायद्याने फ्रान्समध्ये बाळाचं नाव फक्त कॅलेंडरातल्या संतांचं किंवा प्राचीन इतिहासातल्या माहीत असलेल्या माणसांचंच ठेवता यायचं. ब्रिटनीतल्या एका जोडप्याने आपल्या बारा मुलांना ब्रेतॉन नावं द्यायची ठरवली तर त्यातल्या निम्म्यांची नावं नोंदणीत घेतलीच नाहीत, ती मुलं कागदावर नसल्यासारखीच वाढली, त्यांच्यासाठी मिळणारा सरकारी कुटुंबभत्ता नाही, ओळखपत्र नाही, आणि आईबाप वर्षानुवर्षं लढत राहिले. १९६६ मध्ये सूचना निघाली आणि प्रादेशिक नावांना थोडी वाट मिळाली, आणि ८ जानेवारी १९९३ च्या कायद्याने शेवटी आईबापांना नाव निवडायचं स्वातंत्र्य दिलं.

या १९९३ च्या कायद्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण लोक इथेच गोंधळतात. नाव निवडायला तुम्ही मोकळे आहात, फक्त नाव बाळाच्या हिताविरुद्ध वाटलं तर नोंदणी करणारा सरकारी वकिलाला कळवतो आणि तो कौटुंबिक न्यायाधीशाकडे जाऊ शकतो. उत्तर फ्रान्समध्ये एका मुलीचं नाव नुटेला ठेवलं होतं ते न्यायाधीशांनी बदलून एला केलं, ही बातमी जगभर फिरली होती. तिथे कारण स्पष्ट होतं, पोरीला शाळेत चिडवतील. फाँशच्या बाबतीत असं कुणी म्हटलंच नाही की हे नाव मुलाला त्रास देईल. नाव म्हणून फाँश चालत होतंच, टिल्ड काढून लिहा म्हणजे झालं एवढंच सरकारचं म्हणणं. म्हणजे कोर्टात उभं राहिलेलं सरकार बाळाची काळजी घेत नव्हतं, ते भाषेची हद्द राखत होतं, आणि त्यासाठी एका कुटुंबाला वेठीला धरलं गेलं हे मला तरी चूक वाटतं.

आईबाबा अपीलात गेले. १९ नोव्हेंबर २०१८ ला ब्रिटनीतल्याच रेन शहरातल्या अपील कोर्टाने निकाल फिरवला, आणि हा निकाल ज्या पद्धतीने लिहिलाय त्यात सगळी मेख आहे. कोर्टाने म्हटलं की टिल्डवाला एन फ्रेंच भाषेला अनोळखी नाही. फ्रेंच अकादमीच्या आणि इतर मोठ्या डिक्शनऱ्यांमध्ये सेन्योरिता सारखे शब्द याच अक्षराने छापलेले आहेत. २००२ मध्ये रेनच्याच सरकारी वकिलाने दुसऱ्या एका बाळाचं फाँश हे नाव टिल्डसकट मान्य केलेलं होतं. आणि सगळ्यात भारी मुद्दा, लोराँ नुन्येझ नावाचे मंत्री, ज्यांच्या स्पॅनिश आडनावात हीच टिल्ड आहे, त्यांच्या नेमणुकीचा हुकूम ऑक्टोबर २०१८ मध्ये निघाला त्यात टिल्ड होती आणि तो राष्ट्राध्यक्षांच्या सहीचा होता. म्हणजे निकालाच्या जेमतेम महिनाभर आधी देशाच्या सर्वोच्च माणसाने सही केलेल्या कागदावर जे अक्षर आहे, तेच एका बाळाच्या दाखल्यावर आलं की प्रजासत्ताकाला धोका कसा? कोर्टाने सरळ लिहिलं की याने सरकारी कागद फ्रेंचमध्ये असण्याच्या तत्त्वाला किंवा संविधानाच्या दुसऱ्या कलमाला बाधा येत नाही.

ब्रिटनीत आनंद झाला, साहजिक आहे, पण सरकारी बाजू परत वर गेली, कूर द कासास्यों म्हणजे तिथल्या सर्वोच्च अपील कोर्टात. १७ ऑक्टोबर २०१९ ला तिथे सरकारचा अर्ज फेटाळला गेला, पण कशावर, तर प्रक्रियेतल्या चुकीवर. सरकारी बाजूने अर्ज करताना जी पद्धत पाळायची ती नीट पाळली नव्हती, त्यामुळे टिल्ड चालते की नाही यावर कोर्ट बोललंच नाही. त्या मुलासाठी विषय कायमचा संपला, त्याचं नाव फाँश, रेघेसकट, कोणी हात लावू शकत नाही. पण उद्या दुसऱ्या गावात दुसरा फाँश जन्मला तर त्याच्यासाठी देशाला बांधील असा निकाल काही झाला नाही. कुटुंब जिंकलं आणि अक्षर तिथेच राहिलं, हे त्या वेळी बऱ्याच जणांच्या लक्षातच आलं नाही असं मला वाटतं, कारण बातम्यांमध्ये सगळीकडे विजय म्हणूनच आलं.

म्हणून मग कायदाच करायचा प्रयत्न झाला. पॉल मोलाक हे ब्रिटनीतले खासदार, स्वतः ब्रेतॉन बोलणारे, त्यांनी प्रादेशिक भाषांसाठी विधेयक आणलं आणि ८ एप्रिल २०२१ ला ते २४७ विरुद्ध ७६ मतांनी पास झालं. त्यातलं नववं कलम नेमकं हेच होतं, की प्रादेशिक भाषांमधल्या खुणा जन्ममृत्यूच्या नोंदीत चालतील. पण सत्ताधारी पक्षाच्या साठेक खासदारांनी कायदा संविधान परिषदेकडे, म्हणजे कायदे संविधानाला धरून आहेत का ते तपासणाऱ्या संस्थेकडे नेला, तेही शाळांच्या पैशांसंबंधीच्या दुसऱ्याच एका कलमासाठी, आणि परिषदेने आपणहून आणखी दोन कलमं तपासायला घेतली. २१ मे २०२१ ला निकाल आला आणि दोन्ही गेली: संपूर्ण शिक्षण प्रादेशिक भाषेत देणाऱ्या शाळांचं कलम आणि नावांतल्या खुणांचं कलम. कारण दिलं की असं केलं तर लोकांना सरकारी व्यवहारात फ्रेंच सोडून दुसरी भाषा वापरायचा हक्क दिल्यासारखं होईल, आणि संविधानाचं दुसरं कलम ते करू देत नाही. २००८ पासून संविधानात ७५-१ हे कलम आहे ज्यात लिहिलंय की प्रादेशिक भाषा हा फ्रान्सचा वारसा आहे. वारसा म्हणून गौरवायचं आणि दाखल्यावर एक अक्षर लिहू द्यायचं नाही, यात मला मोठा अन्याय दिसतो. वारसा म्हटलं की तो वापरायला मिळाला पाहिजे ना?

त्यानंतरच्या वर्षांत परत फाँश नावाच्या बाळांच्या आईबाबांना सरकारी वकिलांच्या नोटिसा गेल्या, परत कोर्ट. आणि हे फक्त ब्रिटनीपुरतं नाही. दक्षिणेत स्पेनच्या सीमेजवळ कॅटलान बोलणाऱ्या एका घराने मुलाचं नाव मार्ती ठेवलं, त्यात शेवटच्या आय वर तिरकी रेघ, ती नाकारली गेली, ते लोक पार युरोपियन मानवाधिकार कोर्टापर्यंत गेले आणि २००८ मध्ये तिथेही अर्ज दाखल करून घेतला नाही. बास्क भागात बेन्यात हे चांगलं जुनं नाव आहे, त्यातही हीच टिल्ड. उलट रेनमध्ये २०१७ मध्येच देर्खेन नावाचं बाळ झालं, त्यात ब्रेतॉनची खास पद्धत म्हणजे सी आणि एच च्या मध्ये अपॉस्ट्रॉफी, तेही आधी नाकारलं पण काही महिन्यांत मान्य झालं. म्हणजे कुठल्या गावात, कुठल्या सरकारी वकिलाच्या हद्दीत बाळ जन्मतं यावर पुष्कळ काही ठरतं.

आपल्यातले जे मराठी लोक फ्रान्समध्ये आहेत त्यांना हा प्रश्न येत नाही. आपलं नाव रोमन लिपीत जाताना ळ आणि ल एक होतात, काळे आणि काले कागदावर सारखेच दिसतात, पण ते दुसऱ्या लिपीत नेताना झालेलं नुकसान आहे आणि आपल्याकडे मूळ देवनागरी नाव शाबूत असतं. ब्रेतॉन माणसाकडे वेगळी लिपी नाही. त्याचं नाव मुळातच रोमनमध्ये लिहिलं जातं, त्यामुळे दाखल्यावरून रेघ गेली की मूळ नावाचं खरं स्पेलिंग सरकारदरबारी कुठेच उरत नाही, आणि हे दुखणं आपण समजून घ्यायला हवं. सोयीचा मुद्दा कोणी काढला तर एवढंच सांगते की पासपोर्टच्या खालच्या ज्या दोन ओळी मशीन वाचतं त्यात जगातल्या कुठल्याही देशासाठी फक्त साधी ए ते झेड अक्षरं असतात, तिथे फ्रेंचमधल्या मान्य खुणाही गळून पडतात, तेव्हा मशीनला टिल्डमुळे काही अडत नाही.

आता या केसमधून पुढे जाणाऱ्या आईबापांनी काय घ्यायचं. रेनचा २०१८ चा निकाल आणि संविधान परिषदेचा २०२१ चा निकाल शेजारी ठेवून वाचले तर लक्षात येतं की ते एकमेकांच्या आड येत नाहीत. परिषद म्हणते की प्रादेशिक भाषेची खूण म्हणून हक्क मिळणार नाही. रेनचं कोर्ट म्हणालं होतं की ही खूण फ्रेंचमध्येही आहे. मग आज जो कुणी फाँशसाठी कोर्टात उभा राहील त्याच्याकडे एकच भक्कम वाट उरते, ती म्हणजे हे अक्षर आमचं ब्रेतॉन आहे असं न म्हणता हे अक्षर तुमचं फ्रेंचही आहे असं सिद्ध करणं, डिक्शनऱ्या, मंत्र्याचा नेमणुकीचा हुकूम, जुन्या मान्य झालेल्या नोंदी हे सगळं पुढे ठेवणं. कायदेशीर दृष्टीने हे हुशार आहे आणि मी कुणालाही हेच करायला सांगेन. पण आजी-आजोबांच्या भाषेचा मान राखायला निघालेल्या माणसाला न्यायाधीशापुढे ती भाषा बाजूला ठेवून बोलावं लागतं, आणि संविधानाच्या दुसऱ्या कलमात ७५-१ ची दखल घेणारे दोन शब्द जोडले जात नाहीत तोवर प्रत्येक नव्या फाँशच्या घरच्यांना हेच करावं लागणार.